उघडून बघितलंत का?

तांबे बसायचे नाहीत. माझ्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. मी स्वतः उठून माझी फिरती खुर्ची पुढे केली, तरी ते तिच्या पाठीवर हात ठेवून उभेच राहायचे. चहा उभ्याने. कॉम्प्युटरवर कामही उभ्याने, कमरेत वाकून. बोलता बोलता रस्त्यावर जायचे, कोर्टाच्या दिशेला उगाच बघून यायचे आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू करायचे. सुरुवातीला मला वाटलं, मूळव्याध असेल. मी तसं विचारलंही. ते म्हणाले, "नाही हो शालनताई. बसलं की मला वाटतं, काहीतरी बघायचं राहिलंय."

हे मी प्रेमाने लिहायला घेतलंय असं कोणी समजू नये. ह्या माणसाने माझा आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा मोडला. त्यांच्यामुळे माझा कोर्टाच्या रस्त्यावरचा गाळा गेला. तरी लिहायला बसले, कारण परवा त्यांची शोकसभा झाली आणि तिथे एकामागून एक माणसं उठून म्हणाली की तांबेसर फार शांत होते. शांत! ज्यांनी त्यांना जेमतेम पाहिलं, ती माणसं आता त्यांच्याबद्दल बोलत सुटली आहेत. माझा माल दुसऱ्याने भलत्याच नावाने विकलेला मला चालत नाही.

माझी आई मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी घ्यायची आणि बाजारात विकायची. तिच्या पाटीशेजारी बसून मी बोलायला शिकले, म्हणजेच भाव करायला शिकले. पुढे मी झेरॉक्सचं एक जुनं मशीन घेतलं, मग कॉम्प्युटर, मग ऑनलाईन फॉर्म भरायचा धंदा. कोणाचा हात डोक्यावर नव्हता. रत्नागिरीत माझ्याकडून सहज भाव पाडून घेतलेला माणूस कोणी दाखवावा, मी त्याला जेवायला घालीन. रागीट म्हणून माझं नाव आहे, आणि ते खोटं नाही.

आमच्या धंद्यातली कटकट जे कधी रांगेत उभे राहिले नाहीत त्यांना कळायची नाही. नोकरीचा फॉर्म असो, शिष्यवृत्तीचा असो की पेन्शनचा, सरकारी वेबसाईटला फोटो जेपीजी लागतो आणि तोही इतक्या केबीच्या आत. दाखला लागतो पीडीएफ. लोक येतात ते फोन घेऊन. नव्या फोनात काढलेला फोटो भलत्याच प्रकारात साठलेला असतो, वेबसाईट तो घेत नाही. दाखला कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला असतो, तो वाकडा आणि अर्धा. मग आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांत एक युक्ती चालायची. फाईलच्या नावाची शेवटची अक्षरं खोडायची आणि तिथे हाताने जेपीजी लिहायचं. वेबसाईट गपचूप घ्यायची. गिऱ्हाईक खूश, रांग पुढे.

तांबे पहिल्यांदा आले ते प्रिंट काढायला. रांगेत त्यांच्या पुढे नर्सिंगच्या प्रवेशासाठी आलेली एक मुलगी आणि तिची आई होती. मी मुलीचा फोटो घेतला, अक्षरं खोडली, नवी लिहिली. मागून आवाज आला.

"हे काय केलंत?"

"जेपीजी केलं."

"कसं?"

"लिहून. दिसत नाही?"

"म्हणजे रातांब्यांच्या पेटीवर हापूस लिहिलंत."

दुकानात दोघे-तिघे हसले. माझ्या दुकानात माझ्यावर हसणं! मी म्हटलं, "ओ, वेबसाईट घेते ना? मग तुमचं काय जातंय? तुमची प्रिंट झाली असेल तर सरका."

ते सरकले नाहीत. म्हणाले, "वेबसाईट नाव बघून घेते. पुढे साहेब फाईल उघडतो, ती उघडत नाही. साहेब काय तुम्हाला फोन करून विचारणार आहे? तो नाकारतो आणि पुढची घेतो." मग खांद्यावरच्या पिशवीतून लॅपटॉप काढला, माझ्या काउंटरवर माझी परवानगी न घेता ठेवला आणि तो फोटो खरोखरचा बदलून दिला. तेवढ्यावर थांबले नाहीत. बदललेला फोटो माझ्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला आणि त्या मुलीला जवळ बोलावलं.

"उघडून बघितलंस का? बघ. तूच आहेस ना?"

"मीच आहे," ती लाजून म्हणाली.

"दोन्ही कान दिसतायत?"

"दिसतायत."

"मग आता पाठवा."

मी चिडले होते, पण माझा हात थांबला. माझी आई जेटीवर मासा घ्यायची तेव्हा बोटीवाला काहीही सांगो, ती माशाचे कल्ले उघडून आत बघायची. लाल असतील तर पुढचं बोलणं. कल्ले न बघता तिने कधी पाटी भरली नाही. हा माणूस फाईल तशी बघत होता. मी त्यांना नाव विचारलं, गाव विचारलं, आणि चहा मागवला. चहा पाजण्याआधी मी गिऱ्हाइकाचं मोल करते, ही माझी सवय.

सुहास तांबे. गाव मंडणगड तालुक्यातलं, डोंगरातलं. वडील मुंबईला गिरणीत होते, हेही मुंबईत शिकले आणि तिथेच एका कंपनीत प्रोग्राम लिहायचे. कंपनीने एक दिवस त्यांच्या जागी दोन स्वस्त पोरं घेतली. मग इकडे परत आले. इथल्या एका कॉलेजात तासांवर शिकवायचे, मारुती मंदिराच्या मागे खोली घेऊन एकटे राहायचे, आणि सुट्टी लागली की मंडणगडची एसटी पकडून बहिणीकडे जायचे. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं. "मुलगी बघायला गेलो होतो एकदा," म्हणाले. "तिनेच मला बघितलं आणि नाही म्हणाली. बरोबर बघितलं तिने."

आठवडाभराने मी त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला. त्यांनी हेच काम करणारी एक वेबसाईट तयार करायची: फोटो टाका, दाखला टाका, हव्या त्या प्रकारात आणि हव्या त्या केबीत बाहेर येईल. माझी मशीनं, माझं लाईटचं बिल, माझी गिऱ्हाइकं, त्यांचं डोकं. मी वाटणी माझ्या बाजूने भरपूर वाकवून सांगितली, कारण ते ओढतील आणि आम्ही मधे कुठेतरी थांबू असा हिशेब होता. ते म्हणाले, "चालेल."

मला रात्रभर झोप नाही. भाव न करणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "तुमची अट काय ते आत्ताच बोला. नंतर ऐकणार नाही."

ते दारापर्यंत गेले, परत आले. "एकच. फाईल बदलून झाली की ती लगेच हातात द्यायची नाही. आधी एक पान येईल. त्यावर बदललेली फाईल मोठी दिसेल आणि खाली प्रश्न असेल. 'हो' म्हटलं तरच ती मिळेल, आणि मिळाली की आपल्याकडून पुसली जाईल. पान उघडं आहे तोवर ती थांबेल. त्या पानाला तुम्ही हात लावायचा नाही."

"प्रश्न काय?"

"उघडून बघितलंत का? सगळं दिसतंय ना?"

"एवढंच?"

"एवढंच."

मला वाटलं, स्वस्तात पडलं.

स्वस्तात पडलं नव्हतं. ते पान माझ्या जिवावर आलं. बाहेर रांग, फॉर्मची मुदत संपत आलेली, आणि हा माणूस प्रत्येकाला स्क्रीनसमोर उभा करून बघायला लावायचा. एकदा आंब्याच्या बागेचे एक मालक आले. सातबाऱ्याचा फोटो उन्हात काढलेला, त्यात त्यांचा अंगठा आलेला. मी म्हटलं, चालेल. तांबे म्हणाले, "काका, हा अंगठा कोणाचा?"

"माझाच."

"सातबाऱ्यावर नोंद आहे त्याची?"

काका म्हणाले, "अंगठ्याची कशी असंल? मी सही करतो." आणि पुन्हा फोटो काढायला बाहेर गेले. मागची बाई ओरडली, "ओ मास्तर, आमची गाडी चुकंल!" त्यावर तांबे म्हणाले, "ताई, गाडी दुपारी परत आहे. फॉर्म परत नाही." ती बाई पुटपुटत थांबली. तिचाच दाखला उघडला, तर मागची बाजू आलीच नव्हती.

समोरचा बाबू, म्हणजे माझा धंद्यातला वैरी, रस्त्यावरून ओरडायचा, "शालन, तुझा मास्तर गिऱ्हाइकांची परीक्षा घेतो काय गो?" मी त्याला शिव्या द्यायची. पण गिऱ्हाइकं त्याच्याकडून उठून माझ्याकडे यायला लागली होती. लोक सांगायचे, तिथे वेळ लागतो पण फॉर्म परत येत नाही. दापोली-मंडणगडकडून कोर्टाच्या कामाला आलेली माणसंसुद्धा जाताना एखादा दाखला बदलून न्यायची.

अजून एक उद्योग त्यांनी केला. माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरांवर असं काहीतरी घालून ठेवलं की मशीन बंद करताना दिवसभरात गिऱ्हाइकांच्या उतरवलेल्या सगळ्या फाईली पुसल्या जायच्या. मी आकांडतांडव केलं. "अहो, तोच माणूस उद्या परत येतो, त्याचा फोटो आपल्याकडे असला तर आपलं काम वाचतं!" ते टेबलाभोवती फिरत म्हणाले, "त्याचा फोटो त्याच्याकडे असला तर त्याचं काम वाचतं." आणि मग हळूच, "शालनताई, तुमच्याकडे ह्या जिल्ह्यातले किती संसार आहेत माहितीये का? कोणाची जात, कोणाची जमीन, कोणाचा घटस्फोट. तुम्ही ते टेबलावर उघडं ठेवून घरी जाता."

"कुलूप लावते मी."

"शटरला."

ह्या माणसाला कसं बोलावं कळायचं नाही. आवाज चढवावा तर तो रस्त्यावर गेलेला असायचा.

आता त्या सौद्याचं सांगते.

माझ्या दुकानाचा गाळा भाड्याचा होता. मालकाच्या पुतण्याला तिथे औषधांचं दुकान काढायचं होतं आणि मालकाने मला स्पष्ट सांगितलं होतं, विकत घेतेस तर घे, नाहीतर दिवाळीनंतर रिकामा कर. तो रस्ता म्हणजे माझं सगळं. कोर्ट, कचेऱ्या, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचा पाय तिथूनच पडतो. एवढी रक्कम माझ्याकडे नव्हती. बँकेने तोंड वाकडं केलं होतं. तेवढ्यात कोल्हापूरकडचे देसाई म्हणून एक गृहस्थ आले. त्यांची अशी दुकानं बऱ्याच गावांत होती. त्यांना आमची वेबसाईट विकत हवी होती. मी त्यांच्याशी पावसाळाभर भाव केला. फोनवर भांडले, दोनदा फोन आपटला, दोनदा त्यांनीच परत केला. शेवटी आकडा असा ठरला की गाळा माझा झाला असता. उरला होता फक्त तांब्यांचा होकार.

देसाई दुपारी आले. पांढरा कडक शर्ट, सोन्याची चेन. मी त्यांना खुर्ची दिली, चहा आणि खारी मागवली. तांबे धुतलेला शर्ट घालून आले होते. मला बरं वाटलं. वाटलं, समजलंय ह्यांना.

देसाई म्हणाले, "मास्तर, तुमचं काम एक नंबर हाय. फक्त दोन गोष्टी. ते मधलं प्रश्नाचं पान काढून टाकू. गर्दीत कोण बघत बसतंय? आणि फाईली पुसायच्या न्हाईत. आमच्याकडं ऱ्हातील. गिऱ्हाइकाचीच सोय. दुसऱ्यांदा कागद आणायला नको."

तांबे खिडकीपर्यंत गेले. "राहतील म्हणजे कुठे?"

"आमच्या सर्व्हरवर."

"कोण बघणार?"

"कोण बघतंय हो? कोणी न्हाई."

"मग ठेवायच्या कशाला?"

देसाई हसले. मीही हसले, वातावरण मोकळं राहावं म्हणून. तांबे हसले नाहीत. त्यांनी कॉम्प्युटर देसाईंकडे फिरवला आणि म्हणाले, "चांगली गोष्ट आहे. मग पहिलं तुमचं टाका."

"माझं काय?"

"आधार टाका. पॅन टाका. मिसेसचं, मुलांचं. घराचा उतारा असेल फोनमध्ये. सगळं राहील, तुमचीच सोय."

देसाईंनी खिशातून फोन काढला. मी खरं सांगते, त्यांनी तो उघडलाही. अंगठा स्क्रीनवर गेला आणि तिथेच थांबला. मी मनात म्हणत होते, टाक रे बाबा, एक टाक, तुझं काय जातंय.

"आता हे डेमो आहे," देसाई म्हणाले. "डेमोला माझं कशाला?"

"का? थांबलात का?"

"थांबलो न्हाई हो..."

"मग टाका ना."

देसाईंनी फोन खिशात ठेवला. घड्याळ बघितलं. म्हणाले, "शालनबाई, आपण फोनवर बोलू." आणि गेले. चहावर साय धरली होती. खारीला हात लावला नव्हता.

फोन काही आला नाही. मी केले, त्यांनी घेतले नाहीत.

त्या दुपारी मी तांब्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "तुम्हाला नको होतं तर मला आधी सांगायचं! घरात बसून सांगायचं! माझ्या तोंडचा घास माझ्याच टेबलावर काढलात!"

ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "मला नको होतं असं नव्हतं. मला वाटलं ते टाकतील. टाकलं असतं तर मी दिली असती वेबसाईट. शप्पथ."

"कोण टाकेल असं?"

"तेच ना," ते म्हणाले. "ताई, त्यांनी कल्ले उघडून दाखवले नाहीत. तुमच्या आईने मासा घेतला असता का?"

"आईचं नाव काढायचं नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की बाबू समोरून धावत आला. मीच त्यांना कधीतरी चहा पिताना आईची गोष्ट सांगितली होती. तीच त्यांनी माझ्या तोंडावर मारली. तो राग अजून गेलेला नाही. चूक असं मी म्हणत नाही. पण माझा गाळा जात असताना ते बोलायचं काही कारण नव्हतं.

"उद्यापासून येऊ नका," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आले. चार्जर विसरला होता म्हणाले. उभ्याउभ्याच एका आजोबांचा पेन्शनचा दाखला उघडून बघितला, त्यातलं एक पान उलटं होतं ते सरळ केलं, आणि गेले.

त्यानंतर त्यांनी ती वेबसाईट सगळ्यांना मोकळी केली. फुकट. बाबूसुद्धा ती वापरायला लागला. म्हणजे माझा सौदा मोडला तो मोडला, वर वैऱ्याच्या ताटात वाढलं. मी निरोप पाठवला की निदान समोरच्याला देऊ नका. उलटा निरोप आला: "त्याच्याकडे येणारेही फॉर्मच भरतात." दिवाळीनंतर गाळा गेला. आता माझं दुकान एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. म्हाताऱ्या माणसांना जिना चढवत नाही. ती बाबूकडे जातात.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसायचे. हात अर्धा वर करायचे. मी भाजी बघायची. एकदा जिना चढून वर आले, दारात उभे राहिले, माझ्या मशीनांवर नजर फिरवली. मी मान वर केली नाही. गिऱ्हाइकालाच मोठ्याने म्हटलं, "नीट उघडून बघा हो, इथे लोक चुका शोधायला येतात." मागे त्यांचं हसणं ऐकलं. मग चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. ते शेवटचं.

ह्या उन्हाळ्यात ते गावी गेले होते, तिथेच गेले. सकाळी अंगणात चालता चालता छातीत कळ आली. चालता चालता. दुसरं कसं जाणार होते?

मला बातमी मिळाली ती त्यांची बहीण दुकानात आली तेव्हा. पांढरं लुगडं नव्हे, साधी निळी साडी, हातात फोन. "जयभीम ताई," ती म्हणाली. "मी संगीता. सुहासची बहीण. मंडणगडला अंगणवाडीत असते." मग सांगितलं. मी तिला खुर्ची दिली. ती बसली. का कोण जाणे, ती बसली ह्याचंच मला आश्चर्य वाटलं.

जलदान विधीसाठी फोटो मोठा करायचा होता. भावाच्या फोनमध्ये त्याचा एकच धड फोटो होता, आणि गावच्या फोटोवाल्याकडे तो उघडेना. "त्याने नाव बदलून बघितलं ताई. जेपीजी लिहिलं. तरी उघडत नाही." मला हसू आलं आणि ते मी खोकला आणून दाबलं. इथे काम होतं म्हणून भाऊ नेहमी सांगायचा, असं ती म्हणाली. म्हणजे ह्या पत्त्यावर. म्हणजे माझ्याकडे.

मी फोटो घेतला आणि त्यांच्याच वेबसाईटवर टाकला. पान आलं.

फोटो माझ्या जुन्या दुकानातला होता. तांबे काउंटरच्या बाहेर उभे, अर्धे रस्त्याकडे वळलेले, एक पाय उंबऱ्यावर, हातात चहाचा ग्लास. कडेला मी. तोंड उघडं, हात वर. मी ओरडत होते, उघडच आहे. कोणत्या तरी गिऱ्हाइकाने त्यांच्याच फोनवर काढला असणार.

"ह्या तुम्हीच ना?" संगीताने विचारलं.

"मीच."

"तो सांगायचा तुमच्याबद्दल. म्हणायचा, रत्नागिरीत एकच बाई आहे जी भांडताना माझ्याकडे बघते." मग संकोचून म्हणाली, "ताई, फ्रेमसाठी... बाजूचं काढता येईल का?"

मी स्वतःला कापून काढलं. दुकान कापलं, उंबरा कापला, चहाचा ग्लास कापला. छातीपासून वरचे तांबे उरले. ते करताना मी तिला विचारलं. इतके दिवस मला वाटत होतं की ह्या माणसाचं कधीतरी काहीतरी मोठं बुडालं असणार, एखादा फॉर्म, एखादी नोकरी. त्याशिवाय कोणी इतका हट्टी होत नाही. कारण कळलं असतं तर माझा राग थोडा बसला असता.

"छे हो," संगीता म्हणाली. "लहानपणापासून तसाच. आई शाळेत जाताना डबा द्यायची, तर हा दारातच उघडून बघायचा. आई म्हणायची, विष घातलंय काय मेल्या? तर म्हणायचा, नाही, भाकरी आहे का बघतो. रोज भाकरीच असायची."

मग तिने स्क्रीनवरचा प्रश्न वाचला, फोटो नीट बघितला, आणि 'हो' दाबलं. एसटी पकडायची होती म्हणून घाईने निघाली. मी पैसे घेतले नाहीत. ती द्यायला लागली तेव्हा मी ओरडले, मग ती गेली.

परवा कॉलेजात शोकसभा झाली. मी मागे उभी होते. तोच फोटो मोठा करून, हार घालून आणला होता, आणि ठेवायला टेबल लहान पडलं म्हणून कोणीतरी तो खुर्चीवर ठेवला. उंबरा नाही, पाय नाही, ग्लास नाही. तांबे खुर्चीत बसले होते. शांत, सरळ समोर बघत. आणि लोक उठून सांगत होते, सर किती शांत होते, सर किती स्थिर होते. त्या फोटोकडे बघून मलाही क्षणभर पटलं असतं. मी भाषणांच्या मध्येच बाहेर आले. बाबू होता बाहेर. म्हणाला, "काय झालं गो?" मी म्हटलं, "फाईल चुकीची गेली." त्याला काही कळलं नाही.

दुकानात येऊन मूळ फोटो शोधला. अर्थातच नव्हता. संगीता आली त्याच संध्याकाळी मशीन बंद केलं होतं, त्यांनी घातलेल्या त्या उद्योगाने तो पुसला होता. तो उद्योग बंद कसा करायचा हे मला येतं. बरीच वर्षं येतं.

मी संगीताला फोन केला. म्हटलं, मला अख्खा पाठवा, न कापलेला. तिने लगेच पाठवला. माझ्या फोनवर तो उघडेना. त्या वेबसाईटचं वर्षाचं भाडं आता कोण भरतं, असं बाबू मला मध्यंतरी विचारत होता. मी त्याला म्हटलं, तू तुझं दुकान बघ. ती चालू आहे एवढं खरं. आज सकाळी मी तिच्यावर तो फोटो टाकला आणि पान आलं.

ते पान कोपऱ्यातल्या मशीनवर अजून उघडं आहे. तांबे उंबऱ्यावर एक पाय ठेवून उभे आहेत, निघण्याच्या बेतात. मी ओरडते आहे. खाली त्यांचा प्रश्न आहे. रांगेतल्या एका बाईने दोनदा विचारलं, "ताई, ते मशीन मोकळं आहे ना?" मी म्हटलं, नाही. 'हो' दाबलं की फोटो माझ्या हातात येईल, तिथून पुसला जाईल आणि काम संपेल. पण माझं ह्या माणसाशी भांडण अजून संपलेलं नाही, आणि मी भांडते तेव्हा समोर बघते.